सवय होईल

६ फेब्रुवारी

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी पटलं नाही की तू मध्येच फोन ठेवतेस. म्हणून पत्र. यात मध्येच ठेवून दिलंस तरी मला कळणार नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये नवं खूळ आलंय. थोरले मालक गुडघ्यांमुळे घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीवर जावईबापू येऊन बसले, हे तुला मागे सांगितलं होतंच. या गृहस्थांनी जन्मात कधी चामड्याला आरी लावलेली नाही. आखूड, वाकड्या, सुजलेल्या पायांसाठी बूट बनवणाऱ्या जागेत ते असे वावरतात, जणू लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेत. कुठलंसं शिबिर करून आले आणि भिंतीवर पाटी लावली: ‘चूक कबूल करा, विश्वास कमवा.’ पाटी तिरकी लागली आहे. ती कुणी कबूल केलेली नाही.

आता दर गुरुवारी दुपारी यंत्रं बंद. खुर्च्या गोल मांडायच्या, एकेकाने उठून आठवड्यातली आपली चूक सांगायची, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याची कबुली सगळ्यात धीट, त्याच्या टेबलावर आठवडाभर एक कुंडी राहते. तिचं नाव ‘धैर्याची कुंडी’. हसू नकोस, मी मनापासून लिहिते आहे.

पहिल्या गुरुवारी जावईबापू स्वतः उठले. म्हणाले, “माझी चूक ही, की मी कामात फार बुडून जातो.” डोळे पाणावले होते गं! मग पॅकिंगवाल्या बाई उठल्या. त्यांची चूक अशी, की त्या माणसांवर पटकन विश्वास टाकतात. शिलाईवाल्या ताई म्हणाल्या की त्या दुसऱ्यांची कामंही आपल्याच अंगावर घेतात. कुंडी त्यांना मिळाली. मागच्या महिन्यात त्यांनी एका बाईंच्या दोन्ही बुटांना एकाच पायाचे पट्टे शिवले होते, त्याचा उल्लेख झाला नाही. ती बहुधा चूक नसावी, कला असावी.

फक्त टाचा लावणारे दादा उठले, “काही नाही,” म्हणाले आणि बसले. त्यांना आम्ही मौनीबाबा म्हणतो. दिवसभरात चार शब्द बोलले तर त्यांना दुसऱ्या दिवशी घसा धरतो. जावईबापू त्यांना म्हणाले, “मनात डोकावून पाहा.” मौनीबाबांनी चपलेत डोकावून पाहिलं.

मी मात्र घरी आल्यावर सगळ्यांच्या नकला करून दाखवते. जावईबापूंचा पाणावलेला डोळा मला फार छान जमतो.

तुझा पाय कसा आहे? यंदा तुझ्यासाठी मीच जोडा करते. माप घ्यायला रविवारी येऊ का?

तुझी,
मिरची

•

१४ फेब्रुवारी

मिरचे,

पत्र पूर्ण वाचलं. मध्ये एकदा ठेवलं होतं, पण ते चहा उतू जात होता म्हणून.

तुझे जावईबापू महामूर्ख दिसतात. माझ्या काळी आमच्या टेबलावर चूक झाली की तो जोडा टेबलाच्या मधोमध ठेवायचा रिवाज होता. टाळ्या नाहीत, भाषण नाही. जोडा मध्ये, आणि ज्याच्या हातून झालं त्याने त्याच्यासमोर बसून तो उसवायचा. उसवून होईपर्यंत कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, आणि उसवून झाल्यावर त्याबद्दल कुणी पुन्हा बोलायचं नाही. तुमच्याकडे जोडा गिऱ्हाइकाच्या पायात आणि कुंडी शिवणाऱ्याच्या टेबलावर. छान आहे.

पण तुझ्या पत्रात सगळ्यांच्या कबुल्या आहेत, तुझी दिसली नाही. तू काय सांगितलंस गोलात बसून? की तुझ्या वेळेला दाताला कळ आली?

जोड्याचं म्हणशील, तर नको. डाव्या अंगठ्याला मोठी गाठ आली आहे, जुन्या जोड्याला कात्रीने भोक पाडून तेवढाच अंगठा बाहेर काढते आणि फिरते. बरी दिसते. पण पाय मी तुझ्या हातात देणार नाही. राग मानू नकोस, मानलास तरी चालेल. अगं, “माझं चुकलं” हे तुझ्या तोंडून मी तू रांगत होतीस तेव्हापासून ऐकलेलं नाही. फुलदाणी फुटली तर वाऱ्याने. दूध उतू गेलं तर गॅसने. गणितात नापास झालीस तेव्हा पेपर तपासणाऱ्या बाईंच्या घरी भांडणं चालली होती, हे तुला कुठून कळलं होतं देव जाणे. अशा माणसाने केलेला जोडा मला चावला, तर दोष माझ्या पायाचाच निघायचा. या वयात मला ते ऐकायचं नाही.

नकला कमी कर. माप घेताना तोंड मिटलेलं असावं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

आत्या

•

१ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून आई म्हणाली, “तुझ्या आत्याची जीभ अजून जागच्या जागी आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे.”

तुझ्या माहितीसाठी: मी कबुली दिली. गेल्या गुरुवारी. मी उठून सांगितलं, की तळ चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडा ठेवून जेवायला गेले आणि सोल्युशन वाळलं. थोडा थरथरता आवाज काढला. टाळ्यांचा कडकडाट! जावईबापूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कुंडी आता माझ्या टेबलावर आहे. तिला पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नाही, त्यामुळे दर आठवड्याला नव्या टेबलावर ती थोडी थोडी वाळत चालली आहे. डबा पॅकिंगवाल्या बाईंनी उघडा टाकला होता, ही गोष्ट वेगळी. त्यांनी मला नंतर विचारलं, “माझी चूक तू का वापरलीस?” त्या ती पुढच्या आठवड्यासाठी राखून होत्या.

आता लोक गुरुवारच्या आदल्या दिवशी एकमेकांना विचारतात, “तुझं काय ठरलं?” शिलाईवाल्या ताईंनी दोन चुका शिल्लक ठेवल्या आहेत, सुट्टीवर जाऊन आल्यावर लागतील म्हणून.

बाकी ठीक. एक वेटर येतात आमच्याकडे. मोठ्या हॉटेलात आहेत, बरीच वर्षं. अपघातात उजवा पाय आखूड झाला. त्यांना जानेवारीत जाड तळाचा बूट करून दिला होता. तो त्यांना जमत नाहीये. कंबर दुखते म्हणतात, आणि ट्रे घेऊन वळताना तोल जातो. दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा म्हणाले, “माफ करा, चूक माझीच असेल, मला नीट चालताच येत नाही.” मी त्यांना सांगितलं, सवय होईल. ते आभार मानून गेले.

मापात काही गडबड झाली असावी. माप बहुधा मौनीबाबांनी घेतलं होतं.

इथे ऊन वाढलंय. पत्र्याखाली बसवत नाही.

मिरची

•

९ मार्च

मिरचे,

त्या मौनीबाबाला माझा निरोप दे, अगदी शब्द न् शब्द.

त्याला म्हणावं, गाढवा, आखूड पायाखाली फळ्या सरकवून माप घेताना माणूस कशालाही टेकलेला नाही ना, एवढं बघायला काय विद्यापीठात जावं लागतं? काठी काढून घ्यायची. भिंतीपासून लांब उभं करायचं. हात मोकळे, सरळ खाली. माणूस बोटभरही कशाला टेकला, की कंबर एका बाजूला वर जाते आणि फळी एक जास्त लागते. आणि एवढी जादा फळी तळाखाली घेऊन तो बिचारा दिवसभर ताटं वाहतो आहे! मौनीबाबाला म्हणावं, तू स्वतः एका पायाखाली वीट बांधून पंगत वाढून दाखव.

आणि “सवय होईल” म्हणे! मिरचे, आमच्या धंद्यात याच्याइतकं हलकट वाक्य दुसरं नाही. जोड्याला पायाची सवय व्हायची असते, पायाला जोड्याची नाही. हे म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की जोडा चुकलाय, आणि तो आपली चूक गिऱ्हाइकाच्या कंबरेत नेऊन ठेवतो. तिथे ती कुणाला दिसत नाही. हे वाक्य तू म्हणालीस याची मला लाज वाटली, पण तू तरी काय करणार, ज्याने घाण केली तो तोंड शिवून बसलाय आणि गिऱ्हाइकाच्या समोर तू.

वेटर लोकांना तर माफी मागायची खोडच असते. सूप थंड निघालं, माफ करा. मिठाची बाटली तुंबली, माफ करा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागून मागून तो तुमच्याही चुकीची मागून गेला. आणि तुम्ही ती घेतलीत!

तो बूट आधी काढून घ्या त्याच्या पायातून. आजच्या आज. जुना घालू दे. मग मौनीबाबाला उसवायला बसवा.

आत्या

•

२० मार्च

आत्या,

निरोप दिला. मौनीबाबा काही बोलले नाहीत.

कामाची गर्दी आहे म्हणून जास्त लिहीत नाही. त्या वेटरकाकांनी एका गिऱ्हाइकाच्या अंगावर सूप सांडलं. हॉटेलच्या मालकांनी त्यांना आत भांडी घासायला बसवलंय. ते परवा इथून जाताना भेटले. म्हणाले, वय झालं आता, कधीतरी हे व्हायचंच होतं.

आईने तुला मलम पाठवलंय. अंगठ्याला लाव.

मिरची

•

२७ मार्च

मिरचे,

मलम मिळालं. वास घाण आहे.

तुझी तिन्ही पत्रं मी ओळीने पलंगावर मांडली आणि पुन्हा वाचली. रिकामटेकड्या म्हातारीला दुसरं काय काम. तुझ्या पत्रात कुणी सुटत नाही. जावयाचा डोळा सुटला नाही, पॅकिंगवाली सुटली नाही, कुंडीसुद्धा सुटली नाही. तू पाण्याच्या पेल्यावरही चार ओळी टोमणे लिहिशील. मग एका माणसाने माप चुकवून दुसऱ्याचं काम घालवलं, आणि तुला त्याच्यावर एक विनोद सुचत नाही? ‘माप बहुधा मौनीबाबांनी घेतलं होतं.’ एवढंच? आणि लगेच ऊन? मौनीबाबाने केलं असतं तर तू त्याच्यावर पानभर लिहिलं असतंस, त्याच्या टाचांसकट.

आणि तुमच्याकडे माप घेणारी तू आहेस. तो टाचा लावतो. हे तूच मला दोन वर्षांपूर्वी नाक वर करून सांगितलं होतंस.

म्हणजे मी गाढव म्हणाले ते तुला. वीट तुझ्या पायाला. आणि तू ते पत्र वाचून घडी घालून ठेवलंस आणि लिहिलंस, निरोप दिला. त्या मुक्या माणसाच्या नावावर खपवलंस, कारण तो बोलत नाही म्हणून सोयीचा. वारा, गॅस, आणि आता मौनीबाबा!



आता गुरुवारी गोलात उभी राहून आवाज थरथरवू नकोस. तिथे सांगून काही होत नाही, तिथे टाळ्या मिळतात. त्या माणसाची अब्रू जिथे गेली तिथे जाऊन सांग. त्याच्या मालकासमोर. जाणार नसशील तर मला पत्र लिहू नकोस. मी मध्येच ठेवून देईन.

आत्या

•

१८ एप्रिल

आत्या,

माप मीच घेतलं होतं.

आता पुढचं लिहिते.

जानेवारीत वेटरकाका आले तेव्हा आदल्याच दिवशी पहिली गुरुवारची बैठक झाली होती. मला सांगितल्यावाचून राहवेना. फळ्या लावता लावता मी त्यांना जावईबापूंचा पाणावलेला डोळा करून दाखवला. ते इतके हसले, की तोल सावरायला त्यांनी शेजारच्या खुर्चीची पाठ धरली. मी ते पाहिलं. मला वाटलं, आपली नक्कल काय जमली! आणि तसंच माप लिहून घेतलं. तू म्हणालीस तेच झालं, तोंड मिटलेलं नव्हतं.

आणखी आहे. मौनीबाबांनी तळ लावण्याआधी बूट हातात घेऊन मला विचारलं होतं, “जरा जास्त नाही का?” त्यांचे महिन्याभरातले तेवढेच शब्द. मी म्हटलं, “दादा, तुम्ही बोलायला लागलात तर आम्ही कुणाला हसायचं?” सगळे हसले. त्यांनी तळ लावला.

तुझं पत्र आल्यावर आधी त्यांच्याकडे गेले. तुम्हाला न विचारता तुमचं नाव घातलं म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चामडं कापत राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही. ते मला फार लागलं.

मग गुरुवारी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण बूट उसवायचा तर जावईबापूंना कळणारच होतं. साध्या आवाजात सांगितलं: माप चुकलं, मला ठाऊक होतं, मी त्यांना सवय होईल म्हणाले, आणि त्यांचं काम गेलं. एकही टाळी नाही. शिलाईवाल्या ताई पदराची शिवण बघत बसल्या. जावईबापूंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या पाटीवर पान थुंकले. म्हणाले, “हे इथे सांगायचं नव्हतं. बाहेर गेलं तर केवढ्याला पडेल?” मी विचारलं, मग इथे कुठल्या चुका सांगायच्या? ते म्हणाले, “ज्यातून काही शिकता येईल अशा.” मला त्यांची नक्कलसुद्धा करावीशी वाटली नाही. त्यांनी त्याच दिवशी मला मापावरून काढलं आणि पॅकिंगला बसवलं. कुंडी पॅकिंगवाल्या बाईंना मिळाली, सोल्युशनच्या डब्याबद्दल.

हॉटेलात जायला मला त्यानंतरही आठवडा लागला. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. शेवटी ऐन जेवणाच्या वेळी गेले, म्हणजे परत फिरायला गर्दीतून जागाच मिळू नये. गल्ल्यावर मालक होते. मी म्हटलं, सूप सांडलं ते तुमच्या वेटरकाकांच्या हातून नाही, माझ्या हातून सांडलं. त्यांना वाटलं मी वेडी आहे. मग सगळं सांगितलं, खुर्चीपासून. आसपासची माणसं जेवायची थांबली. मालक म्हणाले, “मग तुम्ही महिनाभर काय करत होता?” मी म्हटलं, लपवत होते. त्यांनी गल्ल्याचा खण ढकलून बंद केला.

तेवढ्यात वेटरकाका आतून आले, हात साबणाने भरलेले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. आणि आत्या, ते मला म्हणाले, “माफ करा, तुम्हाला इथवर यावं लागलं.” तेव्हा मात्र मला रडू फुटलं, सगळ्या जेवणाऱ्यांच्या समोर. मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही माफी मागायची नाही, हो! ही माझी आहे.

मालकांनी मोठं मन वगैरे काही दाखवलं नाही. “नीट बूट आणा, मग बघतो,” एवढंच म्हणाले. बूट मी काढून घेऊन आले आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. जावईबापूंनी विचारलं, हे काय? मी उसवायला बसले.

दुसऱ्या दिवशी वेटरकाका जुना बूट घालून मापाला आले. जावईबापू म्हणाले, माप शिलाईवाल्या ताई घेतील. काका म्हणाले, “नको. याच घेऊ देत. आता या हसवणार नाहीत.” जावईबापू काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला, “माप तीच घेईल. नाहीतर टाच मी लावत नाही.” आम्ही सगळे वळून बघत राहिलो. मौनीबाबांचं इतकं लांब वाक्य कुणीच ऐकलेलं नव्हतं. ते बोलून पुन्हा आपल्या चामड्याकडे वळले होते.

काका हात मोकळे सोडून उभे राहिले. मी तोंड मिटून फळ्या लावल्या. एक कमी लागली.

परवापासून ते पुन्हा बाहेर वाढायला आहेत. मी पाहून आले, काचेतून. वळताना तोल गेला नाही. मी मापाच्या टेबलावर परत आले आहे. काल मौनीबाबा एक बूट घेऊन आले, माझ्यासमोर ठेवला, म्हणाले, “बघ जरा.” मी बघितलं आणि म्हटलं, टाच आत झुकते आहे. ते परत घेऊन गेले.

तू हे इथपर्यंत वाचलंस का मध्येच ठेवलंस, मला माहीत नाही.

मिरची

•

२६ एप्रिल

मिरचे,

वाचलं. चष्मा दोनदा पुसावा लागला, इथे धूळ फार आहे.

अजून तू मला आवडलेली नाहीस. एका भल्या माणसाला महिनाभर साबणात बुडवून ठेवलंस, ते पत्राने धुऊन जायचं नाही. जावईबापूंना सांग, पाटी सरळ लावा. आणि त्या कुंडीला कुणीतरी पाणी घाला, तिने कुणाचं वाईट केलेलं नाही.

मी रविवारी येते आहे. आईला सांग, जेवायला फार काही करू नको. माझ्या पायाचं माप तू घेशील. मी कशाला धरणार नाही, आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस. अंगठ्यापाशी चामडं मऊ घाल.

जोडा चावला तर मी सवय करून घेणार नाही. येऊन तुझ्या टेबलाच्या मधोमध आपटेन. तेव्हा दोष माझ्या पायाला देणार नाहीस, एवढं आता मला ठाऊक आहे. म्हणून पाय देते आहे.

आत्या